हळदीकुंकवाच्या दिवशी अटक

"दार लावून घ्या. फोन बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. तुम्हाला अटक झालीय," मोबाइलवर दिसणारा खाकी वर्दीतला माणूस म्हणाला.

"साहेब, आज माझ्याकडे हळदीकुंकू आहे. बायका येतील. दार कसं लावू?" निवृत्त शिक्षिका सुमतीबाई रडकुंडीला आल्या.

"मग त्याआधी सुटायचं असेल तर ठेव मोडा आणि सगळे पैसे तपासणीसाठी लगेच पाठवा."

आयुष्यभराची पुंजी होती ती. बाई बँकेचं ॲप उघडत होत्या, तोच शेजारच्या दळवीवहिनी तयारीला मदत करायला आल्या. दारातूनच त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पोलीस पैसे मागतात होय?" वहिनींनी फोन हिसकावला. "घरी या की साहेब, तिळगूळ घ्यायला. येताना ओळखपत्र आणा."

फोन कट झाला.

"इतकी वर्षं पोरांना शिकवलं आणि मीच फसले," बाई पुटपुटल्या.

"पैसे खात्यातच आहेत ना? मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा, म्हणजे दुसरी कुणी फसायची नाही."

बाईंनी तक्रार नोंदवली. संध्याकाळी कुंकू लावण्याआधी त्या प्रत्येकीला विचारू लागल्या, "पोलीस फोनवर अटक करतात का?"

"नाही, बाई," पहिली लाजत म्हणाली.

"मोठ्यानं सांग. मागच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे."