लाल आकडा

“काका, काकू शुद्धीवर आहेत ना?”

“हो, हो. शुद्धीवर आहे. आत्ताच... बाथरूममधून उचलून... पलंगावर आणली. चक्कर आली हो तिला.”

सावनीने हेडफोन कानावर घट्ट दाबला. झालाना भागातल्या एका खासगी अॅम्ब्युलन्स सेवेच्या कंट्रोल रूममध्ये दुपारी दोन वाजताही नुसता गलका. फोन हिंदीत सुरू झाला होता, पण पलीकडच्या माणसाने पंढरीनाथ हे नाव सांगताच ती मराठीवर आली आणि त्यांनाही हायसं वाटलं. विमा कंपनीतून रिटायर झालेले, मूळचे सांगलीचे. मुरलीपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर नवरा-बायको दोघंच राहायचे.

“काकूंनी सकाळपासून काही खाल्लंय का?”

“एकादशी ना आज! सुधाला कितीदा सांगितलं... वय बघ स्वतःचं. ऐकेल तर शपथ!”

“छातीत दुखतंय त्यांच्या?”

“नाही म्हणते.”

“हातपाय नीट हलवतात?”

“हलवते की. मलाच म्हणते, डॉक्टरबिक्टर... काही बोलवू नका.”

उत्तरं अगदी साधी होती. पण सावनीच्या समोर स्क्रीनवर आकडा लाल झाला होता. अठ्ठ्याहत्तर.

ही सिस्टिम बसवून आठ महिने झाले होते. फोनवरचं बोलणं ती ऐकायची. बोलण्यातली धाप, अडखळणं, आवाजातला कंप, सगळं टिपून शंभरपैकी धोका किती ते सांगायची. सत्तरच्या वर आकडा गेला की लाल, आणि लाल म्हणजे जवळची गाडी ताबडतोब द्यायची. मात्र उत्तरांवरून काळजीचं काही नाही असं वाटलं, तर फोन घेणाऱ्याने आकडा बाजूला सारून हिरवं बटण दाबलं तरी चालायचं.

शिफ्टचा प्रमुख संकल्प तिच्या मागे येऊन उभा राहिला. “उपासाची चक्कर आहे, सावनी. बाई शुद्धीवर आहेत, बोलताहेत. सीकर रोडला एकच गाडी उरलीय आपली. त्या सिस्टिमचं डोकं फिरलंय. हिरवा कर.”

“मागच्या महिन्यात असाच हिरवा केला होता सर, तुम्हीच सांगितलंत म्हणून.”

तेव्हाचा तो पेशंट वीस मिनिटांत दगावला होता. त्यानंतर आठ दिवस सावनीच्या घशाखाली घास धड उतरला नव्हता. पुन्हा तसं व्हायला नको, काहीही झालं तरी या काकू वाचल्या पाहिजेत. तिने गाडी दिली. ड्रायव्हर द्वारकाजी पंधरा मिनिटांच्या अंतरावर होते.

“काका, गाडी निघालीय. फोन मात्र ठेवू नका हं, असेच बोलत राहा. तुम्ही ठीक आहात ना?”

“मला काय धाड भरलीय! तुम्ही हिचं बघा.”

सावनीला हसू आलं. तिचे बाबाही अस्सेच. घरातलं कुणी शिंकलं तरी जीव टांगणीला लावतील, आणि स्वतःला ताप चढला तर कुणाला पत्ता लागू देणार नाहीत.

“लिफ्ट आहे का काका?”

“कसली लिफ्ट हो!”

“आणि खालचं गेट?”

“दुपारी कुलूप असतं. भैया जेवायला जातो ना... मतलब, वॉचमन.”

“मग तुम्ही खाली जाऊन तेवढं उघडून ठेवता का? आमच्या माणसांची दोन मिनिटं वाचतील.”

“जातो की.”

चपला फटक फटक वाजत जिना उतरल्या. कुलूप खडखडलं. आकडा चौऱ्याऐंशी.

“काकूंची जुनी फाइल असेल ना? औषधांची वगैरे?”

“ती... वर राहिली. आणतो.”

“पटकन आणा काका, डॉक्टरांना लागेल.”

पुन्हा जिना. प्रत्येक मजल्यावर चपला थांबत होत्या. आकडा एकोणनव्वद झाला. तिकडे काकूंचं क्षणाक्षणाला बिघडत होतं आणि तो बिचारा म्हातारा एकटा वर-खाली करत होता. वय काय, धावपळ काय! पण दुसरं होतंच कोण तिथे?

“जिना अरुंद आहे का काका? स्ट्रेचर वळेल?”

“नाही... वळायचं.”

“मग एखादी हाताची खुर्ची दाराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी आणून ठेवा. काकूंना बसवून उतरवता येईल.”

“शिसवी आहे... जड. सासऱ्यांनी... दिलेली.” ते हसायला गेले, पण हसू काही पुरं झालं नाही.

“उचलू नका, सरकवत आणा. काकूंसाठी एवढं कराच.”

“करतो... करतो हो.”

खुर्चीचे पाय फरशीवरून करकरत गेले. ब्याण्णव. संकल्पने सावनीच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. “तुझंच बरोबर होतं,” तो हळूच म्हणाला. “मी तर गाडीच देऊ दिली नसती.”

करकर थांबली.

“काका? आणली खुर्ची?”

सावनीने हेडफोन पुन्हा कानावर दाबून धरला.

“काका, बोला ना. द्वारकाजी पोचतच आलेत, चार मिनिटं फक्त. काकूंजवळ जाऊन बसा आता.”

पलीकडे कुठल्यातरी घरातला कुकर शिट्टी देत होता. सावनीने आवाज वाढवला, पुन्हा हाक मारली, मग पुन्हा एकदा. संकल्प द्वारकाजींना दुसऱ्या फोनवरून घाई करू लागला. मिनिट गेलं, दीड मिनिट गेलं.

मग फोन कुणीतरी उचलल्याची खसखस झाली.

“हॅलो? कोण बोलतंय?” बाईचा आवाज होता. थकलेला, पण स्वच्छ.

स्क्रीनवरचा आकडा झरझर उतरला. साठ, पस्तीस, अकरा. हिरवा.

सावनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “काकू! अहो, किती घाबरवलंत आम्हाला! कशा आहात?”

“मी बरी आहे गं बाई. साखरपाणी प्याले, उठून चालतेय. पण हे बघ ना, इथे जिन्यात त्या खुर्चीला टेकून बसलेत. किती हाका मारल्या मी, ओ देत नाहीत.”