सात अकाउंट, एक फोन

टिपणीस निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी कंपनीचा सर्व्हर तापला की इशारा त्यांच्याच मोबाईलवर यायचा. देखरेखीचं अकाउंट त्यांच्या नावावर होतं ना! मेथी निवडता निवडता ते कंपनीत फोन लावायचे, “अरे, सर्व्हर तापलाय, बघा जरा.”

“घरातलं दूध उतू जातं, ते मात्र कळत नाही,” बायको म्हणायची.

अखेर अकरा बैठका होऊन सात विभागांना सात स्वतंत्र अकाउंट मिळाली. टिपणिसांचं बंद झालं. मोबाईल इतका गप्प, की बायकोला मिस्ड कॉल द्यायला लावून त्यांनी तो तपासला.

चौथ्या दिवशी मोठ्या साहेबांचा फोन आला. “टिपणीस, सर्व्हर सकाळपासून बंद आहे हो!”

“सातांपैकी कुणालाच इशारा आला नाही?”

“सातही जणांना आला. पण तुमचा फोन आला नाही, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.”