बिनखुंट्याच्या

पेशी गेल्याचं सोमवारी सकाळी कळलं. मेव्हणीने फ्लास्क मायक्रोस्कोपखाली ठेवला, एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"भाऊजी, सगळ्या सुटल्यात. तळाला एकही धरून नाही."

तो सिंकपाशी उभा होता. हात धुऊन झाले होते, नळ चालूच होता.

"कालच मीडियम बदललं. रोज बदलतोय. पोटभर खायला घालतोय त्यांना."

"उपासाने नाही गेल्या. गर्दीने गेल्या. नव्या फ्लास्कमध्ये लावल्याच नाहीत तुम्ही?"

त्याने नळ बंद केला. फ्लास्क भरला की मूठभर पेशी नव्यात लावायच्या आणि जुना फेकून द्यायचा, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. याच प्रयोगशाळेत बायको पेशी वाढवायची आणि तो त्यांचे फोटो काढायचा. पण या फ्लास्कवर तिचं अक्षर होतं. निळ्या मार्करने घाईत लिहिलेलं, शेवटी जागा कमी पडली म्हणून चेपलेलं: बिनखुंट्याच्या.

मेव्हणीने फ्लास्क उलटा करून ते वाचलं. ताईचं अक्षर. तिने फ्लास्क हळूच टेबलावर ठेवला.

सर दाराशी आले. प्रयोगशाळा त्यांची, तरी आत येताना त्यांनी दारावर टकटक केली. बायको गेल्यापासून सगळे त्याच्याशी हळू बोलत, जणू तो झोपलेला आहे.

"लेखाच्या परीक्षकांना तो एकच प्रयोग हवाय," सर म्हणाले. "नसेल जमत तर लेख मागे घेऊ. कोणी काही म्हणणार नाही."

"आजचा दिवस द्या," मेव्हणी म्हणाली.

लेख बायकोचा होता. पेशीच्या मधोमध सेंट्रोसोम नावाचा एक ठिपका असतो. पेशीला आकार देणारे धागे तिथून निघतात. ते धागे तिथे धरून ठेवणारं एक प्रथिन तिने अभ्यासायला घेतलं होतं. त्याचं खरं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. ती त्याला खुंटा म्हणायची. खुंटा उपटला की काय होतं, ते तिने दाखवलं होतं. पेशी लगेच मरत नाही, धागेही असतात, पण सुटलेल्या गुरांसारखे वाटेल तिकडे जातात. खुंटा परत ठोकला तर ते जागेवर येतात का, एवढंच दाखवायचं होतं. त्यासाठी बिनखुंट्याच्या पेशी लागणार होत्या.

"नायट्रोजनच्या टाकीत याच पेशींची एक कुपी आहे," सर गेल्यावर मेव्हणी म्हणाली. "ताईनेच गोठवलेली."

"एकच?"

"एकच. फसली तर संपलं."

तो खिडकीपाशी गेला, परत आला, टेबलावरची कात्री उचलून पुन्हा तिथेच ठेवली. "मग राहू दे ना टाकीत."

"कशाला? शोकेसमध्ये मांडायला? ताईने झाडलं असतं तुम्हाला."

"तुलाही. कुपी उरलीय हे इतके दिवस बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं कुठे. बोलायला गेलं की तुमचा नळ चालू."

तो हसला. मग जाऊन कुपी घेऊन आला.

कोमट पाण्यात ती वितळू लागली. आता थांबता येणार नव्हतं. ज्या द्रावणात पेशी गोठवतात, तेच वितळल्यावर त्यांना मारतं. मेव्हणीने स्पिरिटचा बोळा पुढे केला. पुसल्याशिवाय कुपी उघडायची नाही, हा नियम. कुपीवर तेच निळं अक्षर होतं, मुंगीएवढं.

त्याने बोळा घेतला आणि तसाच उभा राहिला.

"भाऊजी, वितळली. मी पुसू का?"

"नको."

त्याने पुसली. बोळा निळा झाला. तो त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि झाकण काढलं. पुढचं काम त्याच्या हातांनी भराभर केलं. जुनं द्रावण निघालं, नवं मीडियम आलं, पेशी नव्या कोऱ्या फ्लास्कमध्ये गेल्या. मायक्रोस्कोपखाली त्या गोल गोल तरंगत होत्या. जिवंत कोण, मेलेली कोण, ते उद्या तळाला चिकटल्यावर कळणार होतं.

मेव्हणीने मार्कर दिला. "नाव घाला."

त्याने टोपण काढून तिच्याकडे दिलं. टोक फ्लास्कला टेकवलं आणि उचललं. प्लास्टिकवर निळा ठिपका उमटला.

"बाहेर गार पडतील त्या," ती म्हणाली.

"आत ठेव."

"तशाच?"

पेशी उबेत ठेवायच्या इनक्युबेटरच्या दारावर बायकोने चिकटवलेला कागद होता: बिननावाचं काहीही फेकून दिलं जाईल. ती खरंच फेकायची. एकदा सरांचा चहाचा थर्मास गेला होता.

"कोणी फेकलं तर?" मेव्हणीने विचारलं.

"मी इथेच बसतो."

तिने फ्लास्क आत ठेवून दार लावलं. त्याने स्टूल ओढून दाराला पाठ लावली. मार्कर हातात होता, टोपण तिच्याकडेच राहिलं होतं. फ्लास्कवर नाव लिहायचं राहिलं होतं.