पायातलं कडं

हंस उतरताना त्याच्या पायातलं कडं दुर्बिणीतून चमकताना मी पाहिलं. अभ्यासकांनी त्यावर कोरलेला नंबर वाचला की तो कुठून आला ते कळणार होतं. पण नदीच्या गाळात टेकल्याबरोबर पठ्ठ्यानं नेमका तोच पाय पोटाखाली घेतला आणि मान पिसांत खुपसून झोपला.

"टाळी वाजव, उडेल," निरीक्षण मनोऱ्यावर माझ्याशेजारी उभे असलेले आमचे हे म्हणाले. "उशीर झाला तर मिसळ संपेल."

"अहो, हिमालय ओलांडून आलाय तो!" मी दुर्बीण त्यांच्या हातात कोंबली. "बघा जरा."

ऊन चढलं. माझी मान अवघडली. अखेर हंसानं पाय बदलला, आणि कड्याचा पाय थेट चिखलात रुतवला!

संतापून मी टाळीसाठी हात उचलले. यांनी ते वरच्यावर धरले.

"झोपू दे गं," हे कुजबुजले. "मिसळ गेली खड्ड्यात."