पाकट जेवत नाही

आप्पांचा हात कोपराच्याही वर पाण्यात होता.

सून कपड्यांच्या घड्या घेऊन खोलीत आली आणि दारातच थिजली. टाकीवरचा दिवा बंद, पडदा ओढलेला. सासरे स्टुलावर बसून काचेच्या टाकीत वाकले होते. बाही खांद्यापर्यंत सरकवलेली, तळवा टाकीतल्या वाळूवर उताणा. तळव्यावर सोललेल्या कोलंबीचा तुकडा. आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर धाकटी पाकट.

बशीएवढा तो गोड्या पाण्यातला मासा. चपटा, ठिपक्याठिपक्यांचा, शेपटीवर विषारी काटा. पाकटींची जोडी घरी आणली त्या दिवशी नवऱ्याने सगळ्यांना अभिमानाने सांगितलं होतं, "या काट्याने माणूस सहसा मरत नाही. फक्त, मेलो असतो तर बरं झालं असतं, असं वाटतं."

"अहो!" ती आवाज न करता ओरडली. हे तिला आता जमू लागलं होतं. पाकटी आल्यापासून या घरात कुणी मोठ्याने शिंकलंसुद्धा नव्हतं.

नवरा धावत आला. वडिलांचा हात पाहिला, शेपटी पाहिली आणि चौकट धरली.

"आप्पा, हात काढा! नाही, नाही, काढू नका! झटका बसला तर ती मारेल. हलू नका!"

"मी कुठे हलतोय?" आप्पा म्हणाले. "हलतोयस तू."

आप्पा आणि पाकटी एकाच आठवड्यात या घरी आले होते. पाकटींना उंची नको, ऐसपैस तळ लागतो, म्हणून खिडकीची मोठी खोली टाकीला गेली. आप्पांना तशी जागा कमीच लागते. त्यांची कॉट इस्त्रीच्या टेबलाशेजारी बसली. पाकटींचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलं जाई. हीटरला जाळी होती, कारण पाकट हीटरला चिकटून झोपते आणि भाजलेलं तिला कळत नाही. एवढे लाड करूनही थोरली तेवढी जेवू लागली, धाकटी जेवेना. नवरा उठता-बसता टॉर्च मारायचा, लांब चिमट्यात कोलंबी धरून तिच्या तोंडाशी न्यायचा, आणि दोघं काचेला नाक लावून उभी राहायची. पाकट वाळूत शिरायची. आता तिच्या शेपटीच्या मुळाशी दोन हाडं वर आली होती. "हाडं दिसली? मग आज-उद्या खाल्लं तर खाल्लं," मासेवाला फोनवर म्हणाला होता, "नाहीतर तिची आशा सोडा."

आप्पासुद्धा दोन घास खाऊन ताट सरकवत. तेव्हाही दोघं समोर उभी असत. "अजून एक. एवढं तरी." पण त्यांचं काय, त्यांचं वय झालं होतं.

"आप्पा, चिमटा देतो," नवरा कुजबुजला. "निदान चिमट्याने भरवा."

"चिमटा दिसला की ती पळते. तू चमचा दिसला की पळायचास."

"मी माणूस होतो, आप्पा!"

"तेव्हा खात्री नव्हती."

सुनेला हसू आलं, ते तिने घड्यांमध्ये दाबलं. नवऱ्याचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला.

"दिवा नको," आप्पा म्हणाले. "आणि काचेपासून लांब हो. असं टक लावून बघितल्यावर तिला घास उतरेल कसा?"

तो लांब झाला. पाकट सरकली. वाळूवरून, कडा लाटेसारख्या हलवत, अगदी सावकाश. बोटांपाशी थांबली. मग वर चढली आणि आप्पांचा अख्खा तळवा तिने झाकून टाकला. शेपटी मनगटावरून आडवी गेली. काटा कातडीपासून किती लांब होता ते दिसत नव्हतं, आणि कुणाला पाहायचंही नव्हतं. सुनेने नजर वर घेतली. सरकवलेल्या बाहीतून सासऱ्यांचा खांदा दिसत होता. त्याची हाडं वर आली होती. ती केव्हा आली, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"खातेय," आप्पा म्हणाले.

"कशावरून?"

"गुदगुल्या होतायत."

कुणी हललं नाही. फिल्टरचं पाणी तेवढं वाहत राहिलं. मग पाकट उतरली आणि वाळूत निघून गेली. आप्पांनी हात बाहेर काढला. तळवा रिकामा होता.

"काय केलंत तुम्ही?" नवऱ्याने गहिवरून विचारलं.

"काही नाही. रोज दुपारी इथे येऊन बसतो. तिलाही करमत नव्हतं."

नवऱ्याला पुढचं ऐकायला सवड नव्हती. मासेवाल्याला फोन लागला होता. "जेवली! हो, हो, जेवली!" कित्येक दिवसांनी घरात माणसाचा आवाज घुमला.

सून स्वयंपाकघरातून आप्पांचं ताट घेऊन आली. ते तिने टाकीशेजारी, दुसऱ्या स्टुलावर ठेवलं. जरा थांबली, आणि ताटातला चमचा काढून घेतला. फोन ठेवून नवराही आला आणि सवयीने वडिलांच्या समोर उभा राहिला.

"आप्पा, आता तुम्हीही दोन घास—"

आप्पा पंच्याने हात पुसत होते. नुसते ओल्या बोटाने आधी मुलाकडे आणि मग दाराकडे दाखवून थांबले.

स्वयंपाकघरात दोघं भिंतीला टेकून श्वास रोखून उभी राहिली. बराच वेळ काहीच नाही. मग त्या अंधाऱ्या खोलीतून, ताटात वाटी हलल्याचा आवाज आला.

बायको पुढे झाली, तसा नवऱ्याने तिचा दंड धरला.

"हलू नकोस," तो कुजबुजला.