गप्प राहतील ते बाजूने

"ज्यांचा विरोध असेल त्यांनी हात वर करा," अध्यक्ष म्हणाले. "गप्प राहतील ते बाजूने आहेत असं धरतो."

ती मागच्या रांगेत बसली होती. प्रश्न असा उलटा विचारला जाईल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दोन विमान कंपन्या एक झाल्या होत्या. पायलटांची आता एकच यादी होणार होती, आणि त्या यादीत वर कोण, खाली कोण, यावरून हमरीतुमरी चालली होती. विमान कोणतं मिळणार, सुट्टी कधी मिळणार आणि मुख्य म्हणजे कॅप्टन कोण राहणार, सगळं त्या क्रमावर. मोठ्या कंपनीच्या युनियनचा ठराव सरळ होता. आधी आमचे सगळे, मग त्यांचे. ठराव एकमताने झाला तर व्यवस्थापन तो जसाच्या तसा उचलणार होतं. एकाने जरी विरोध नोंदवला तरी प्रकरण लवादाकडे जाणार होतं, आणि तिथे धाकट्या कंपनीचंही ऐकून घेतलं जाणार होतं. आज मतं मात्र मोठ्या कंपनीवाल्यांचीच. धाकटीच्या लोकांना मागे बसून ऐकायची तेवढी परवानगी होती. चहासुद्धा पुढच्या रांगांपुरताच आला.

ती धाकटीत कॅप्टन होती. तिचा नवरा मोठीत कोपायलट, तिसऱ्या रांगेत बसलेला. दोघं एकाच तुकडीत विमान चालवायला शिकले. मोठ्या कंपनीने दोघांनाही निवडलं होतं, पण मुलगी तान्ही होती आणि कोणीतरी रोज घरी परतणं भाग होतं. धाकटीची विमानं जवळच्या जवळ जाऊन संध्याकाळी परत यायची. "तू जा मोठीत," ती म्हणाली होती, आणि वर हसूनही दाखवलं होतं. पुढे धाकटीत तिच्या खांद्यावर कॅप्टनची चौथी पट्टी लवकर चढली. तो तीनवरच राहिला. "आमच्या घरात कॅप्टन एकच, मी आपला रेडिओ सांभाळतो," असं तो पाहुण्यांना सांगे. सासूबाई तर सुनेच्या पट्ट्या स्वतः पुसून ठेवायच्या. लोक हसत. तोही हसे. ते हसू कुठवर खरं होतं, हे तिने कधी खरवडून पाहिलं नाही.

ठराव झाला तर तो कॅप्टन होणार होता. ती कोपायलटच्या सीटवर जाणार होती, आणि यादीत इतके जण पुढे असताना तिची पाळी यायच्या आत निवृत्ती आली असती.

सकाळी मोजे शोधता शोधता तो म्हणाला होता, "उगीच काळजी करू नकोस. तुझ्याविरुद्ध माझा हात वर जायचा नाही." तिला तेवढं पुरेसं वाटलं. एका माणसाने बाजूने हात वर केला नाही की एकमत संपलंच. गाडीत बसताना ती चक्क गुणगुणत होती.

आता तिला त्याची फक्त पाठ दिसत होती. मानेवरचे केस परवा तिनेच कापून दिले होते, एका बाजूला जरा जास्तच. हात मांडीवर होते.

अध्यक्ष स्वतः जुने कॅप्टन. सवयीने त्यांनी पुन्हा विचारलं, "परत एकदा विचारतो. कोणाचा विरोध?"

ही सवय तिचीही होती. कॉकपिटमध्ये काहीही विचारलं की शेजारच्याने उत्तर द्यायचंच असतं. तिथे गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. नव्या पायलटांना ती बजावून सांगे, "दोनदा विचारा. दोनदा विचारूनही उत्तर आलं नाही, तर शेजारचा माणूस शुद्धीवर नाही असं समजा. वाट बघत बसू नका, विमान आपल्या हातात घ्या." नवे पायलट हसायचे. डोळे उघडे ठेवून ताठ बसलेला माणूस, आणि शुद्धीवर नाही? "डोळ्यांवर जाऊ नका," ती म्हणायची.

उठून ओरडावं असं तिला वाटलं. पण मागच्या रांगेला आज तोंड नव्हतं. तिने मनातल्या मनात त्याच्या विनवण्या केल्या. एकच हात. फार वर नको, कानापर्यंत आला तरी चालेल.

त्याचा उजवा हात हलला. त्याने नाक खाजवलं आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला.

"ठराव एकमताने मंजूर."

टाळ्या झाल्या. कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली, कापलेल्या केसांच्या जरा खाली. त्याने शब्द पाळला होता. त्याचा हात वर गेला नव्हता. तिला रडू येईल असं वाटलं, पण तेही आलं नाही.

ती पार्किंगमध्ये पोचली तेव्हा तो स्टिअरिंगमागे बसून आरसा नीट करत होता.

"चल लवकर," तो म्हणाला. "शाळा सुटायची वेळ झाली. पोरगी वाट बघत बसेल."

तिने त्याच्या बाजूचं दार उघडलं.

"उतर. गाडी मी घेते."

"का गं? मला काय झालंय?" तो हसला. "रोज मीच तर चालवतो."

तिने किल्लीसाठी हात पुढे केला.

"दोनदा विचारलं त्यांनी," ती म्हणाली.