दामियानाची शीळ

ओतिलियाच्या गळ्यातली गाठ सकाळी एवढी फुगली, की तिला थुंकीसुद्धा गिळवेना.

दामियानानं, तिच्या आईनं, टोमॅटो भाजला, मीठ लावून फडक्यात गुंडाळला आणि लेकीच्या गळ्याला बांधला. तीन दिवस हेच चाललं होतं. ओतिलियानं फडकं ओरबाडून काढलं आणि चुलीकडे भिरकावलं.

"फेक, फेक. शाळा फेकलीस, आता औषध फेक," आई म्हणाली. "तोंड बंद पडलंय तरी माज बघा."

एरवी ओतिलियानं एकाला चार ऐकवली असती. आता नुसता पाय आपटला. मग श्वास घेताना तिच्या घशातून घर्रकन आवाज आला, आणि आईचा चेहराच उतरला.

"ऊठ. दवाखान्यात चल."

बाहेर पांढरंफट धुकं. रस्ता समोरच्या डोंगरावर. दवाखाना वाउत्ला गावात, आणि तिकडे जाणारी गाडी तिथूनच सुटते, दिवसातून एकदाच. मधे दरी. उतरून चढायला तास लागतो, आणि पलीकडे गाडीचं इंजिन आत्ताच घुरघुरायला लागलं होतं. बाप, फिदेन्सियो, त्याच रस्त्याला लागून कॉफीच्या मळ्यात इतर गड्यांबरोबर गवत कापत होता. त्यानं गाडी अडवली तरच काही खरं.

आई अंगणाच्या कडेला जाऊन ओरडली, "फिदेन्सियोऽऽ!"

हाक दरीतच विरली. ती पुन्हा ओरडली. पलीकडून कोयत्यांची सपसप तशीच चालू.

इथले पुरुष डोंगरावरून डोंगरावर शिळेनं बोलतात. शब्द नसतात, सूर मात्र बोलण्याचेच. बायकांनाही सगळं कळतं, पण बाई शीळ घालत नाही. लहानपणी ओतिलियानं एकदा घातली, तर आईनंच तोंडावर चापट मारली होती.

आता ओतिलियानं रागारागात ओठ गोल केले. गळ्यातली कळ थेट मस्तकात गेली. ती मटकन खालीच बसली. बाहेर आली ती नुसती फुस्स हवा.

आईनं तिच्याकडे पाहिलं. ओठ पुसले. जीभ दातांना लावली.

आणि शीळ निघाली. सरळ, धारदार, धुकं कापत गेली. 'फिदेन्सियो. गाडी अडव.'

ओतिलियाच्या अंगावर सर्रकन काटा आला. अशी शीळ तिच्या बापालाही येत नव्हती. कुणालाच येत नव्हती.

पलीकडे एक कोयता थांबला. मग दुसरा. मग सगळेच. बापाची शीळ आली: 'कोण रे तू?'

"कोण रे म्हणे!" आई पुटपुटली. "वीस वर्षं माझ्या हातचं खातोय." आणि पुन्हा शीळ: 'दामियाना. तुझी बायको. पोरीचा गळा बंद होतोय. अडव गाडी.'

 

मग भोंगा वाजला, लांबलचक. इंजिन थांबलं.

ओतिलिया आईकडे बघतच राहिली. कधी शिकलीस? इतकी वर्षं कुठे ठेवली होतीस? विचारायला आवाज कुठे होता. तिनं हळूच आईच्या गळ्याला बोट लावून पाहिलं.

"बघतेस काय? बस पाठीवर. घोडी झालीस, पण बस."

सरपण वाहायचा पट्टा लेकीला खालून घालून, कपाळावर चढवून आई दरीत उतरायला लागली. निम्म्या उतारावर असतील, तेवढ्यात मागून, वरच्या घरांकडून शीळ आली. कच्ची, अडखळत, मधेच तुटलेली. 'दामियाना... पोरगी... श्वास घेते ना?'

पुरुषाची नव्हती.

आई थबकली. तिनं जीभ दातांना लावली, छाती भरून श्वास घेतला, आणि तिच्या पाठीवरची ओतिलियाही त्याबरोबर वर उचलली गेली.